उभ्या ट्रकाच्या वर्षी

गोव्यात आमच्या डिचोली-सत्तरीकडे पावसाळ्यात खनिजाचे ट्रक चालत नाहीत. जून लागला की मांडवीच्या तोंडाशी समुद्र खवळतो, खनिज नेणाऱ्या बार्जींची ये-जा थांबते, जेटीवरचं काम आटोपतं आणि ट्रक ज्याच्या त्याच्या दारात येऊन उभे राहतात. म्हणून २०१२च्या सप्टेंबरात आमच्या अंगणात ट्रक उभा होता, याचं कुणालाच काही वाटलं नाही. दर वर्षी तो तसाच उभा असायचा. बाबांनी त्याच पावसात त्याचं सगळं काम करून घेतलं होतं. मागचे टायर नवे, हौद्याला वेल्डिंग, केबिनला ताजा पिवळा रंग. बरंचसं उधारीवर. चवथीनंतर, म्हणजे गणेश चतुर्थीनंतर, हंगाम सुरू झाला की दोन-तीन महिन्यांत सगळं फिटतं, हा त्यांचा दर वर्षीचा हिशेब होता आणि तो कधी चुकला नव्हता.

१० सप्टेंबरला राज्य सरकारने खाणी तात्पुरत्या थांबवल्या. १९ला चवथ होती. आम्ही गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधली, आरत्या झाल्या, पाहुणे येऊन गेले. ‘तात्पुरत्या’ या शब्दावर अख्ख्या गावाचा विश्वास होता. ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातलं लोहखनिजाचं उत्खनन आणि वाहतूक थांबवली. तरीसुद्धा दसऱ्याच्या दिवशी बाबांनी ट्रक धुतला, चाकांपुढे नारळ फोडला, पुढच्या जाळीला झेंडूचा हार बांधला. हंगाम सुरू झाला की पहिल्या ट्रिपेला तो हार वाऱ्याने आपोआप सुटून पडायचा. त्या वर्षी तो जाळीवरच सुकला, काळा पडला, आणि नाताळ झाला तरी तिथेच होता. घरात कुणी त्याला हात लावला नाही.

नोव्हेंबरातली एक संध्याकाळ मला आठवते. आई दोरीवरचे कपडे काढत होती. ऑक्टोबर ते मे आमच्याकडे पांढरा कपडा पांढरा वाळत नसे. रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकांची तांबडी धूळ ओल्या कपड्यावर बसायची आणि शिवणींत कायमची राहायची. त्या दिवशी माझा शाळेचा पांढरा ड्रेस तिने दोरीवरून काढला, उजेडाकडे धरला आणि नुसती बघत राहिली. बाबांना तिने तो दाखवला नाही. घडी घातली आणि आत गेली.

मी तेव्हा बारावीत होते, विज्ञान शाखेला.

आज हे लिहायचं कारण असं की मी आता एका उच्च माध्यमिक विद्यालयात अर्थशास्त्र शिकवते आणि दर वर्षी निकालानंतर गुणपत्रिका आणि दाखले द्यायच्या टेबलावर बसते. मुलं दाखला घेतात, रजिस्टरमध्ये सही करतात, आणि जाता जाता विचारतात, ‘टीचर, पुढे काय घेऊ?’ या एका प्रश्नाखाली किती काही दडलेलं असतं, ते मला माझ्या स्वतःच्या जूनमुळे कळतं. मंदी आली की मुलं विषय बदलतात, हे अर्थशास्त्रातलं बऱ्यापैकी तपासून झालेलं सत्य आहे. पण एखाद्या घरात ते कसं घडतं, स्वयंपाकघरात बसून नेमकं काय बोललं जातं आणि काय बोललं जात नाही, ते त्या तक्त्यांत येत नाही. ते मला लिहून ठेवायचं आहे.

मला भूगर्भशास्त्र शिकायचं होतं. खनिज आमच्या घरात लहानपणापासून होतं. बाबा हातावर दगड तोलून त्याची प्रत सांगायचे. ‘हा साठीचा,’ म्हणजे साठ टक्के लोखंडाचा. ‘ह्यात काही नाही, हा रिजेक्शनचा.’ प्रयोगशाळेचा आकडा दोन-तीन टक्क्यांच्या फरकाने तोच यायचा, असं त्यांच्याबरोबरचे ड्रायव्हर सांगत. एकदा त्यांनी खाणीतून एक दगड आणला होता, पट्ट्यापट्ट्यांचा: एक पट्टा लालसर, एक करडा, मग पुन्हा लालसर, कागदाच्या थप्पीसारखे एकावर एक. मी विचारलं, हे असं कोणी केलं? बाबांना ते ठाऊक नव्हतं. अकरावीत वाचनालयातल्या एका पुस्तकात सापडलं की असे पट्टेदार लोहपाषाण अडीच अब्ज वर्षांच्या आसपासचे, तेव्हाच्या समुद्रतळाशी थरांनी साचलेले. आमच्या घरामागच्या डोंगरात एक समुद्र होता, हे कळल्यावर मी दोन दिवस नीट जेवले नव्हते. ज्याला त्या वयात असं काही झालं असेल, त्याला मी काय म्हणते ते समजेल.

निकाल मे महिन्यात लागला. गुण चांगले होते. भूगर्भशास्त्र घ्यायचं तर मी मिरामारला धेंपे कॉलेजात जाणार, हे मनात दोन वर्षं पक्कं होतं. १९६१च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि १९६२मध्येच पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले अशी दोन कॉलेजं उभी राहिली. दोन्हींच्या मागे खाणउद्योगातली घराणी. त्याआधी पदवीसाठी गोव्याच्या मुलांना मुंबई-पुण्याची, नाहीतर बेळगाव-धारवाडची वाट धरावी लागायची. म्हणजे जो डोंगर आमच्या ट्रकातून जेटीवर जात होता, त्यातल्याच पैशातून माझ्या आधीच्या दोन-तीन पिढ्या गोव्यात राहून शिकल्या. तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी त्या जूनमध्ये त्याचा उपयोग झाला नसता.

बाबा ओट्याला टेकून उभे होते, आई भात वाढत होती. मी अर्ज ताटाच्या बाजूला ठेवला. बाबांनी तो वाचला नाही. म्हणाले, ‘तातूंत स्कोप ना गो बाये.’

एवढंच. आवाज चढवला नाही, रागावले नाहीत. आणि ते खरंच होतं. खाणी बंद, खाण कंपन्यांतल्या लोकांनाच घरी बसवलेलं, तिथे दगडांचं शिक्षण घेऊन मुलगी काय करणार? मग ते जवळच्या सरकारी कॉलेजबद्दल बोलले. तिथून बी.ए. करता येतं, अर्थशास्त्र घे, पुढे बँकेच्या परीक्षा देता येतात. दुपारी दीडला घरी येशील. मी म्हटलं, बरं.

त्या संभाषणात ट्रक हा शब्द आला नाही. बँकेचा हप्ता आला नाही. पणजीला रोज दोन बसेस बदलून जायचं तर पासाला किती, डब्याला किती, प्रयोगशाळेच्या फीला किती, हे बाबांनी आदल्या रात्री कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने मांडलेलं मी पाहिलं होतं. ते कॅलेंडर आमच्यामध्ये भिंतीवर लटकत होतं. पण बोललो आम्ही स्कोपबद्दल. बाबांना ‘माझ्याजवळ पैसे नाहीत’ असं म्हणावं लागू नये, म्हणून मीही स्कोपबद्दलच बोलले. मला वाटतं मंदीतली बहुतेक घरं असंच बोलतात. भीतीला आणि तुटवड्याला एक बरं दिसणारं नाव हवं असतं, आणि आमच्याकडे ते नाव स्कोप आहे.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी एका तासाला आमच्या सरांनी फळ्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी आकृती काढली. मागणीची एक रेषा, पुरवठ्याची एक, आणि त्या दोघींमध्ये आत आत किंवा बाहेर बाहेर फिरत जाणारी चौकटी वळणं. उदाहरण कांद्याचं दिलं. यंदा लासलगावला कांद्याला भाव मिळाला की सगळे पुढच्या हंगामात कांदा लावतात, तो एकदम बाजारात येतो, भाव पडतो, मग सगळे कांदा सोडतात, आणि त्याच्या पुढच्या खेपेला कांदा मिळत नाही. पीक हातात यायला वेळ लागतो आणि लावणारा मात्र आजचा भाव बघून लावतो, सगळी गोम तिथे. मग सर म्हणाले, रिचर्ड फ्रीमन नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७६मध्ये दाखवलं की इंजिनियरांचंही असंच होतं. पगार वाढले की मुलं इंजिनियरिंगला धावतात, चार वर्षांनी सगळी एकदम बाहेर पडतात, पगार बसतात, मागून येणारी मुलं तोंड फिरवतात, आणि आणखी चार वर्षांनी इंजिनियर मिळेनासे होतात.

मी वहीत ती आकृती काढली आणि शेजारी साल लिहीत गेले. २०११च्या सुरुवातीला चीनच्या बाजारात लोहखनिजाचा भाव टनाला १९० डॉलरच्या आसपास गेला होता. त्या वर्षी आमच्या गावात ज्याच्याकडे जमिनीचा तुकडा होता त्याने तो गहाण टाकून ट्रक घेतला. २०१०-११ला गोव्यातून पाच कोटी टनांहून जास्त खनिज बाहेर गेलं. तेव्हा दहावी-बारावी झालेली मुलं खाणीशी संबंधित शिक्षणाकडे वळली. कुणी डिप्लोमा, कुणी मशीन ऑपरेटरचं प्रशिक्षण, कुणी सर्व्हेचं काम. शिकून बाहेर पडेपर्यंत खाणींना कुलूप. एप्रिल २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली, पण प्रत्यक्ष काम सुरू व्हायला २०१५ उजाडलं, आणि त्या वर्षाच्या शेवटाला भाव होता टनाला ४० डॉलर. चार वर्षांत पाचव्या हिश्श्याच्या आसपास. मी वहीत काढलेलं जाळं काढलेल्या रेषांवर नाही, आमच्या गावातल्या नावांवर बसत होतं. बाकावर बसल्या बसल्या मला घाम फुटला.

एक गोष्ट इथे स्पष्ट लिहिते, कारण ट्रकवाल्याची मुलगी म्हणून माझ्याकडून लोक दुसरंच काही ऐकायची अपेक्षा करतात. खाणी थांबायलाच हव्या होत्या. केंद्र सरकारने नेमलेल्या शहा आयोगाने बेकायदा उत्खननाने झालेलं नुकसान सुमारे ३५,००० कोटी रुपयांचं मांडलं. २२ नोव्हेंबर २००७ नंतर लीजांना, म्हणजे खाणपट्ट्यांच्या करारांना, आधारच उरला नव्हता, असं न्यायालयाने म्हटलं. खाणीतल्या टाकाऊ मातीच्या डंपाखालच्या शेतात पावसाबरोबर तांबडा गाळ उतरायचा आणि उभं भात त्यात जायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तरीही, ज्यांनी ते बेकायदा उत्खनन केलं त्यांच्या मुलांची कॉलेजं त्या जूनमध्ये बदलली नाहीत. बदलली ती एक ट्रक, एक मशीन, एक गॅरेज, एक चहाचं दुकान असलेल्यांच्या मुलांची.

एम.ए.ला ताळगावच्या पठारावर विद्यापीठात असताना मी या विषयावर हाताला लागेल ते वाचलं. एरिका ब्लॉम, ब्रायन कॅडेना आणि बेंजामिन कीज या तिघांनी अमेरिकेतल्या अर्ध्या शतकाहून अधिक काळातल्या पदवीधरांची माहिती घेऊन पाहिलं, की विषय निवडायच्या वयात बेकारी जास्त असली तर मुलं काय करतात. ती अवघड आणि जास्त पगाराच्या विषयांकडे सरकतात: इंजिनियरिंग, हिशेबशास्त्र, नर्सिंग. साहित्य, समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र यांच्यापासून दूर जातात. २००८च्या मंदीनंतर तिथे हे उघड दिसलं. इतिहासात पदवी घेणारे पुढच्या नऊ-दहा वर्षांत सुमारे ३० टक्क्यांनी घटले. आणि मला सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट अशी की मंदीत मुली मुलांपेक्षा जास्त हलतात. ज्या शाखांत पुरुषांचीच गर्दी, तिकडे त्या मंदीच्या वर्षी जास्त संख्येने जातात.

हे वाचून मी खूप वेळ थांबले. कारण २०१३च्या आमच्या वर्गात मी नेमकं उलटं पाहिलं होतं. हुशार मुली दूरच्या, अवघड विषयांवरून जवळच्या कॉलेजातल्या सोप्या मानल्या जाणाऱ्या विषयांवर आल्या. माझ्या शेजारी बसणारी, गणितात माझ्याहून कितीतरी पुढची, फर्मागुडीला इंजिनियरिंगला जाणार होती. ती त्याच सरकारी कॉलेजात माझ्याबरोबर बी.ए.ला बसली. तिच्या धाकट्या भावासाठी मात्र घरातले दागिने बँकेत गेले. असं का व्हावं, यावर मी प्रबंध लिहिलेला नाही, पण मला जे वाटतं ते सांगते. मंदी दोन दारांनी येते. एक दार उद्याचं: शिकून नोकरी मिळेल का? दुसरं आजचं: यंदाची फी कुठून भरायची? ज्या घरात आजच्या दारातून मंदी आत येत नाही, तिथली मुलगी उद्याचा विचार करून अवघड विषय घेऊ शकते. आमच्याकडे पाणी आजच्याच दारातून आत आलं होतं. आणि आजच्या दारातून आलेली मंदी सगळ्यात आधी अंतर कापते. पदवीचा विषय खरं तर कदंबच्या, म्हणजे सरकारी, बसने ठरला. घरापासून चार किलोमीटरांवर जे शिकवलं जात होतं, ते आमचे विषय झाले.

मंदीत पदवी हातात पडलेल्यांचं काय होतं, यावरही काम झालेलं आहे. लिसा कान यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीच्या मंदीत बाहेर पडलेली अमेरिकन मुलं पाहिली. पंधरा वर्षं उलटली तरी त्यांचे पगार चांगल्या वर्षी बाहेर पडलेल्यांच्या मागेच होते. कॅनडात अशाच एका अभ्यासात ही उणीव भरून निघायला साधारण दहा वर्षं लागतात असं आढळलं. मंदी स्वतः दोन-तीन वर्षांत ओसरते. माणसात ती दहा-पंधरा वर्षं राहते.

आता धाकट्या भावाचं सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय हे सगळं अर्धवट राहील.

तो माझ्याहून पाच वर्षांनी लहान. त्याची बारावी २०१८ची. ७ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यापर्यंतची मुदत दिली. त्याची परीक्षा त्याच दिवसांतली. शेवटच्या आठवड्यात रात्रंदिवस ट्रक धावत होते, जेवढं उचलता येईल तेवढं उचलण्यासाठी. तो खिडकी लावून, कानात कापूस घालून अभ्यास करत होता. मग एका संध्याकाळी आवाज बंद झाला. तो पुस्तक घेऊन अंगणात आला आणि बाबांच्या शेजारी पायरीवर बसला. आमच्या घरात दुसऱ्यांदा तीच शांतता आली होती, फक्त या वेळी कुणाला ‘तात्पुरती’ म्हणावंसं वाटलं नाही.

त्याने हॉटेल मॅनेजमेंट घेतलं. त्याला त्यात रस होता का, असं मी विचारलं नाही, आणि या गोष्टीची मला आजही बोच आहे. मी तोवर एम.ए. झाले होते, मला सगळे अभ्यास पाठ होते, आणि मीसुद्धा त्याला म्हणाले, खाणी गेल्या, आता पर्यटनाला स्कोप आहे. बाबांचा शब्द माझ्या तोंडात कधी आला ते मला कळलंच नाही. फीसाठी गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी कर्ज मिळालं; मला २०१३मध्ये अशी काही सोय असते हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. त्याच्या दुसऱ्या वर्षी, सप्टेंबर २०१९मध्ये, ब्रिटनची थॉमस कूक बुडाली आणि चार्टर विमानांचा हंगाम डळमळला. २०२०चा मार्च आला, टाळेबंदी लागली, आणि हॉटेलातल्या प्रशिक्षणावरून त्याला घरी पाठवलं. एका बॅगेत दोन पांढरे कोट, सुऱ्यांचा संच आणि दोन महिन्यांचं न मिळालेलं विद्यावेतन. खाणीपासून पळून तो ज्या उद्योगात गेला होता, त्याचा रस्ता आता पूर्ण ओस पडला होता. मिरामारच्या किनाऱ्यावर माणूस नाही, असे फोटो तेव्हा वर्तमानपत्रांत येत.

ते जाळं आमच्या घरात आता दुसऱ्यांदा फिरलं होतं.

पण इथे माझी आकृती थोडी चुकते, आणि ती चुकली याचा मला फार आनंद आहे. टाळेबंदीत घरी बसून त्याने चुलीचा ताबा घेतला. आजीकडून खतखत्याच्या भाज्या कुठली आधी घालायची, तिरफळं केव्हा, याचं वेळापत्रक वहीत लिहून काढलं. पाटोळ्यांना हळदीची पानं कोवळी की जून, यावर आईशी तास-तास बोलायचा. चवथीला पाच घरांतून त्याच्याकडे नेवऱ्यांची मागणी आली. एकदा मी पाहिलं, कांदा चिरताना तो सुरीचं टोक फळीवरून उचलत नाही. पातं नुसतं पुढेमागे डुलतं आणि कांद्याच्या सारख्या जाडीच्या चकत्या पडत जातात, डोळे दुसरीकडे असले तरी. मला बाबांचा दगड तोलणारा हात आठवला. मंदीने त्याला ज्या दारातून ढकललं होतं, त्या दाराच्या आत त्याचं स्वतःचं काहीतरी होतं. आज तो दक्षिण गोव्यातल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात आहे, बारा-बारा तास उभा असतो, आणि फोनवर मला नव्या पदार्थांबद्दलच सांगतो. भीतीने केलेली निवड दर वेळी वाईटच निघते असं मी म्हणू शकत नाही. निघाली चांगली, तर ती नशिबाने निघते, एवढंच.

माझ्या बाबतीत? अर्थशास्त्र मला आवडत गेलं. शिकवायला लागल्यावर जास्त आवडलं. एम.ए.नंतर बी.एड. केलं, गोव्यात नोकऱ्या आटल्या की बी.एड.चे अर्ज वाढतात, मीही त्या लाटेतली. गेली चार वर्षं लेक्चर बेसिसवर आहे. दर जूनमध्ये नवा आदेश निघेल की नाही याची वाट बघते, म्हणजे अंगणात उभ्या ट्रकाचा पावसाळा माझ्याही वाट्याला आला. पण वर्गात बेकारीचे प्रकार शिकवताना मुलं एकदम गप्प होतात, कारण हंगामी बेकारी म्हणजे काय ते त्यांच्या घरात चहा पीत बसलेलं असतं, आणि त्या शांततेत मला वाटतं की मी योग्य जागी आहे. तरीही घाटात जिथे रस्त्यासाठी डोंगर कापलेला दिसतो, तिथे बस वळली की माझी मान आपोआप वळते. थर दिसतात का ते मी बघते. हे बारा वर्षांत गेलेलं नाही.

दाखल्यांच्या टेबलावर मी आता एक गोष्ट करते. ‘पुढे काय घेऊ’ असं कुणी विचारलं की आधी विचारते, घरी काय चाललंय? मुलं आधी बावरतात. मग सांगतात. बाबांचं दुकान बंद झालं, आई ज्या हॉटेलात होती तिथे आता अर्धेच लोक ठेवलेत, दादा आखातातून परत आलाय. २०२१-२२मध्ये हॉटेल मॅनेजमेंटचं नाव काढलं तरी पालक हात झटकायचे. जो तो नर्सिंग, फार्मसी, नाहीतर सरकारी परीक्षा म्हणायचा. पैशाची अडचण कळली की मी बिनव्याजी कर्जाचा कागद पुढे सरकवते, शिष्यवृत्त्यांची यादी देते, बसचा पास किती ते सांगते. पैशाचं दुखणं पैशाच्या औषधाने बरं होतं की नाही ते आधी पाहावं, आणि मगच विषय बदलावा, असं मी आई-वडिलांनाही सांगते. काही ऐकतात. एक बाबा मात्र मला म्हणाले, टीचर, तुम्ही सांगता ते खरं, पण मुलगी संध्याकाळी सातला घरी पोचणार, ते काय करायचं? त्यावर माझ्याकडे कागद नव्हता.

आमचा ट्रक २०१९मध्ये गेला. भंगारवाल्याने वजनावर घेतला. गंजलेलं लोखंड काट्यावर चढताना बाबा बघायला गेले नाहीत. २०२२च्या शेवटाला सरकारने खाणपट्ट्यांचे लिलाव केले, २०२४मध्ये डिचोलीचा पट्टा पुन्हा सुरू झाला, आणि रस्त्याकडेच्या झाडांची पानं पुन्हा तांबडी दिसू लागली आहेत. आई कपडे मागच्या अंगणात वाळत घालते.

यंदाच्या मे महिन्यात टेबलापाशी एक मुलगी आली. विज्ञान शाखेची, गुण बरे. वडील पूर्वी ट्रकवर होते, मधली वर्षं रिक्षा चालवली, आता पुन्हा एका ट्रकवर ड्रायव्हर म्हणून लागलेत. दाखला घेतला, सही केली, आणि उभी राहिली. म्हणाली, ‘टीचर, आता खाणी सुरू झाल्या. जिऑलॉजीला स्कोप आहे ना?’

मी रजिस्टर मिटलं. मनात आधी आकडेच आले. तीन वर्षं म्हणजे २०२८, ऑनर्सचं चौथं धरलं तर २०२९. तेव्हा भाव काय असेल, कोणतं न्यायालय काय म्हणालेलं असेल, चीनमध्ये किती पोलाद लागत असेल, ते मी कुठून सांगणार? मी तिला फळ्यावरची ती आकृती सांगितली, कांद्यापासून सुरुवात करून, २०११पासून २०१५पर्यंत. ती लक्ष देऊन ऐकत होती. मागे रांग वाढली होती.

मग मी विचारलं, ‘खाणी उद्या पुन्हा बंद पडल्या तर? तरी घेशील?’

तिने लगेच उत्तर दिलं नाही. दाखल्याची गुंडाळी करत राहिली, उलगडत राहिली. मग हळूच म्हणाली, त्यांच्या विहिरीचं पाणी मधल्या वर्षांत वर आलं होतं आणि आता पुन्हा खाली चाललंय, ते जमिनीच्या आत कसं काय कळतं, हे तिला बघायचंय. कुणी सांगितलं की ते त्यातच शिकवतात.

मी खणातून कर्जाचा कागद काढला. त्याच्या मागे पेन्सिलीने लिहिलं: सांखळी स्टँड, पणजीची बस, सहा पंचवीस. तिथून मिरामारला दुसरी. ‘सहा पंचवीसचीच धर,’ मी तिला म्हटलं, ‘त्याच्या पुढच्या बसला उभं राहायलासुद्धा जागा नसते.’